प्रवासोत्तर नासाविकार : निदान

परमुलखातून परतलेल्या इसमाचे नाक चोंदू लागले, एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येऊ लागले किंवा आत काही वळवळल्याचा भास झाला, तर त्याचे कारण शोधण्याची पद्धती. सुश्रुतसंहितेत नाकाचे ३१ रोग वर्णिले आहेत. परंतु प्रवाशाच्या बाबतीत केवळ नाक तपासून भागत नाही, त्याने कोठे स्नान केले व कोणते पाणी प्यायले याची बारकाईने विचारपूस करावी लागते.

दक्षिण भारतात किंवा श्रीलंकेत तळ्यात डुंबलेल्या माणसाच्या एकाच नाकपुडीत लालसर, मऊ, स्पर्श होताच रक्त सोडणारा मोड आढळला आणि त्यावर पांढरट ठिपके दिसले, तर रायनोस्पोरिडिओसिसचा संशय घ्यावा. साधा मोड फिकट असतो व त्यातून सहसा रक्त येत नाही. येथील ठिपके मात्र बीजाणूंनी भरलेल्या पिशव्या असतात, आणि काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर निदान पक्के होते. ग्विलेर्मो सीबर यांनी १९०० मध्ये ब्युनोस आयरीस येथे वर्णिलेला या रोगाचा कारक जीव दीर्घकाळ कवक मानला जात होता. आता त्याची गणना कवकांत होत नाही. मोड समूळ कापून त्याचे बूड डागतात, तरीही तो पुन्हा उद्भवू शकतो.

डोंगरी ओढ्याला तोंड लावून पाणी प्यालेल्याच्या नाकात जळू शिरू शकते. चेहरा पाण्यावर वाकवला असता ती कधीकधी बाहेर डोकावते आणि चिमट्याने धरता येते.

दोन्ही नाकपुड्या चोंदून खपल्या व रक्तमिश्रित स्राव येत असल्यास कुष्ठरोगाचाही विचार करावा. त्याचा सुप्तकाल सरासरी ५ वर्षांचा असल्याने गेल्या महिन्याचाच नव्हे, तर अनेक वर्षांपूर्वीचा मुक्कामही विचारणे अगत्याचे आहे. बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो, म्हणून संकोचापायी तो लपविणे सर्वथा अनुचित होय.

मधुमेही माणसाचा गाल दुखू लागला, डोळा सुजला व नाकात काळी खपली दिसली, तर २०२१ मध्ये महाराष्ट्राने अनुभवलेला म्युकरमायकोसिस संभवतो. अशा रुग्णाने प्रवासाचा इतिहास जुळवीत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.