सरस्वती कारागिराचीही

सरस्वती म्हणजे भारताची ‘म्यूज’ (ग्रीकांची कलाप्रेरणेची देवी), हे समीकरण कलाविषयक व्याख्यानांत सर्रास ऐकू येते. त्याच्या आडून एक निष्कर्षही गळी उतरवला जातो : प्रेरणा कवीला आणि गायकाला, हाताने घडवणाऱ्याला नुसते कसब. त्यामुळे रोह्यात वाढलेले, ‘मेघदूता’चे मराठी रूपांतर करणारे चिंतामणराव देशमुख सरस्वतीपुत्र ठरतात आणि पेणचा मूर्तिकार फक्त कारखानदार. या भेदाला आपल्या परंपरेत आधार नाही.

पूर्वपक्ष दुबळा नाही. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत एकेका साच्यातून एकाच रूपाच्या कितीतरी गणेशमूर्ती निघतात. जिथे पुनरावृत्ती आहे तिथे प्रेरणा कसली, असा आक्षेप घेतला जातो.

पण ज्या ग्रीक देवींच्या मापाने हे मोजायचे, त्यांचेच माप तपासा. ग्रीक कवी हेसिअडने नऊ जणींची नावे सांगितली. पुढे त्यांच्यात महाकाव्य, इतिहास, नाटक, नृत्य, खगोलसुद्धा वाटले गेले. शिल्प आणि चित्र यांच्या वाट्याला एकही आली नाही. घडवणाऱ्यांचे दैवत अथीना किंवा हेफेस्टस. प्लुटार्क तर पेरिक्लीसच्या चरित्रात सांगतो, की ऑलिंपियाची झ्यूसची मूर्ती पाहून कुणा कुलीन तरुणाला तिचा शिल्पकार फिडियस व्हावेसे वाटत नाही. हाताच्या कामाला कमी लेखणारी ही समाजदृष्टी आहे. सरस्वतीला म्यूज म्हटले की तीही सोबत येते.

आपला पुरावा उलटा आहे. ज्ञात सरस्वतीमूर्तींत सर्वांत जुनी मानली जाणारी मूर्ती मथुरेच्या कंकाली टीला येथील जैन स्थानी सापडली. ती आज लखनौच्या संग्रहालयात आहे. तिच्यावरच्या कोरीव लेखातल्या 54 या वर्षावरून तिचा काळ साधारण इ.स. 132 धरतात. शीर तुटलेले, हातात पोथी; वीणा नाही. आणि दाता कोण? गोव नावाचा लोहार. राजा नव्हे, कवीही नव्हे. सरस्वतीच्या ज्ञात मूर्तींचा इतिहासच एका कारागिराच्या दानापासून सुरू होतो, याहून मोठे उत्तर कोणते हवे?

काव्यशास्त्रही हेच सांगते. अकराव्या शतकातला मम्मट शक्ती (प्रतिभा), निपुणता आणि अभ्यास (सराव) हे तिन्ही मिळून काव्याचा एकच हेतू, म्हणजे कारण, मानतो. कवीलाही जर अभ्यासावाचून सुटका नाही, तर मूर्तिकाराचा अभ्यास त्याच्या विरोधात पुरावा कसा होतो?

राहिला साचा. साचा आकाशातून पडत नाही. आधी कुणीतरी मातीत मूळ मूर्ती घडवतो, सोंडेचा डौल आणि बैठकीचा तोल ठरवतो. मग तिच्यावरून साचा निघतो. साच्यातून आलेल्या मूर्तीचे सांधे हातानेच साफ होतात, आणि डोळ्यांची आखणी तर प्रत्येक मूर्तीवर नव्याने करावी लागते. तिथे साचा उपयोगी पडत नाही. नजर चुकली तर सगळी मूर्ती फसते, हे पेणमध्ये कुणालाही विचारावे.

आपले लोकाचारही हा भेद मानत नाहीत. खंडेनवमीला कारागीर हत्यारे पुजतो, दसऱ्याला मूल पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढून तिला फुले वाहते. एकाच उत्सवातल्या या दोन पूजा आहेत.

तेव्हा गणेशोत्सव मंडळांना एक विनंती : कार्यक्रमपत्रिकेत गायकाचे आणि वक्त्याचे नाव छापता, तिथेच मूर्तिकाराचेही छापा, आणि आधी छापा.