आर्टिकलशिप तीच, पण जळगावचा दर वेगळा, धुळ्याचा वेगळा

'शिकता शिकता काम आणि कामाचे पैसे' हे नव्या शैक्षणिक धोरणापासून फार ऐकू येतंय. पण हिशेबाच्या क्षेत्रात ही वाट शंभर वर्षांची जुनी आहे.

१९१८ मध्ये मुंबईत सरकारी अकाउंटन्सी डिप्लोमा सुरू झाला. तेव्हाही नुसती परीक्षा पास होऊन भागत नसे. मान्यताप्राप्त अकाउंटंटच्या हाताखाली तीन वर्षं काढली, तरच ऑडिटर म्हणून देशभर काम करता येई. १ जुलै १९४९ ला सीएंची संस्था कायद्याने उभी राहिली आणि आर्टिकलशिप पुढे चालत राहिली. २०२३ च्या नव्या योजनेत ती तीनाची दोन वर्षं झाली.

आज आपल्याकडची कितीतरी पोरं-पोरी बी.कॉम. करता करता सीएंच्या ऑफिसात व्हाउचर तपासतात, जीएसटीची रिटर्न भरतात. महिन्याला स्टायपेंड मिळतो.

गोम इथेच आहे. किमान स्टायपेंड शहराच्या लोकसंख्येवर ठरतो: २० लाख व त्यापुढे, ४ ते २० लाख आणि ४ लाखांच्या आत. २०११ च्या जनगणनेत जळगाव ४ लाख ६० हजार, धुळे पावणेचार लाख. २०२१ ची जनगणना झालीच नाही. म्हणून धुळ्याची पोरं अजून शेवटच्या पायरीवर. परीक्षा तीच, काम तेच, पैसे कमी.

पण हा आकडा किमान आहे, कमाल नाही. जास्त द्यायला कुठलाच नियम आडवा येत नाही. धुळ्यातल्या सीए मंडळींनी मनावर घेतलं, तर पुण्याची गाडी धरणारी काही पोरं गावातच थांबतील. तुम्हाला काय वाटतं?