प्रभातच्या आवारातील गुरुजन

पुण्याच्या एरंडवणे भागात, लॉ कॉलेजच्या रस्त्यावर, ज्या वास्तूत १९३३ नंतर प्रभात फिल्म कंपनीने ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’ आणि ‘माणूस’ यांसारखे चित्रपट निर्माण करून महाराष्ट्राच्या कलाजीवनात मानाचे स्थान मिळविले, त्या वास्तूचे भवितव्य कंपनीच्या अस्तानंतर काही वर्षे अनिश्चितच होते. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९५१ सालच्या आपल्या अहवालात चित्रपटविद्येचे पद्धतशीर शिक्षण देणारी संस्था सरकारने काढावी अशी शिफारस केलेली होती. ती शिफारस दिल्लीच्या दफ्तरात बरीच वर्षे पडून राहिली आणि अखेर १९६० साली केंद्र सरकारने प्रभातचा हा इमला आपल्या ताब्यात घेऊन तेथे फिल्म इन्स्टिट्यूटची स्थापना केली. पुढील वर्षी वर्ग सुरू झाले. या संस्थेतून बाहेर पडलेल्या नटनट्यांची, दिग्दर्शकांची आणि छायालेखकांची नामावळी आज कोणीही सांगू शकेल. परंतु त्यांना शिकविणारे कोण होते, शिकविण्यासाठी त्यांनी आपल्या हातची कोणती कामे बाजूला ठेवली, आणि त्या अध्यापनाचा त्यांच्या स्वतःच्या कलेशी काय संबंध राहिला, याचा विचार फारसा कोणी केलेला नाही. माझ्या मते या संस्थेचा खरा इतिहास तेथेच आहे.

संस्थेचे पहिले प्रमुख म्हणून गजानन जागीरदार यांची नेमणूक झाली, हा योग मोठा अर्थपूर्ण होता. अमरावतीस जन्मलेल्या या नटाने १९४१ च्या ‘शेजारी’त याच आवारात मिर्झाची भूमिका केली होती, आणि १९४४ च्या ‘रामशास्त्री’त तर न्यायनिष्ठुर रामशास्त्री प्रभुणे पडद्यावर साकार करून दिग्दर्शनाचीही जबाबदारी वाहिली होती. ज्या चित्रशाळेत पूर्वीची पिढी उमेदवारी करीत, बोलणी खात आणि डोळे उघडे ठेवून धंदा शिकत आली, तेथेच आता वेळापत्रक, हजेरीपट आणि परीक्षा यांच्या चौकटीत तीच विद्या शिकवावयाची होती, आणि हा पालट घडवून आणण्यास जुन्या वहिवाटीत वाढलेल्या माणसाइतका अधिकारी पुरुष दुसरा मिळणे कठीण होते. जागीरदारांची ही कारकीर्द अल्पकाळच टिकली. त्यांच्यामागून आलेले जगत मुरारी हे अनुबोधपटांच्या क्षेत्रातील कसलेले दिग्दर्शक. त्यांच्या ‘महाबलीपुरम्’ या लघुपटास १९५४ साली, राष्ट्रीय पारितोषिकांच्या पहिल्याच वर्षी, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळालेले होते. अभ्यासक्रमाची घडी बसविणे, यंत्रसामग्री मिळविणे, सरकारी मंजुऱ्यांचा पाठपुरावा करणे या कामांत त्यांच्या उमेदीची वर्षे गेली. अशा कामाला श्रेयनामावळीत जागा नसते, पण संस्था त्यावरच उभी राहते.

मुरारींच्या काळातच, १९६५ च्या सुमारास, ऋत्विक घटक उपप्राचार्य होऊन पुण्यास आले. ‘अजांत्रिक’, ‘मेघे ढाका तारा’, ‘कोमल गांधार’ आणि ‘सुवर्णरेखा’ हे चित्रपट त्यांच्या नावावर होते. पण पहिला ‘नागरिक’ १९५२ साली पुरा होऊनही अद्याप पेटीतच होता आणि तो लोकांपुढे यावयाचा होता १९७७ साली, म्हणजे कर्त्याच्या मृत्यूनंतर. ‘सुवर्णरेखा’ १९६२ साली तयार होऊन १९६५ साली प्रकाशात आला. फाळणीने ज्याची मायभूमी परमुलूख झाली आणि ज्याने त्या दुःखालाच आपल्या कलेचा आधार बनविले, अशा या माणसाला बाजाराने जवळजवळ बेदखल केलेले असताना, वर्गात आणि आवारातील झाडाखाली त्याच्याभोवती जी तरुण मंडळी जमली त्यांत मणी कौल होते, कुमार शहानी होते, केरळातून आलेले जॉन अब्राहम होते. पुण्यातील त्यांचा मुक्काम अल्प ठरला, पण तो काळ आपल्या आयुष्यातील अत्यंत सुखाच्या काळांपैकी होता, असे घटकांनीच पुढे लिहून ठेवले आहे. त्या दिवसांत त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून ‘फियर’ नावाचा एक लघुपट केला. संपूर्ण लांबीचा कथापट मात्र ‘सुवर्णरेखा’नंतर थेट १९७३ च्या ‘तिताश एकटि नदीर नाम’पर्यंत त्यांच्या हातून पुरा झाला नाही.

या मधल्या वर्षांना त्यांच्या चरित्रकारांनी रिकामी वर्षे म्हणावे, हे मला पटत नाही. त्याच वर्षांत मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ आणि कुमार शहानींचा ‘मायादर्पण’ निर्माण झाले. या दोन्ही कृतींत गुरूच्या उसळत्या, आक्रोशाच्या आणि गाण्याने भरलेल्या शैलीचा मागमूसही नाही. कौल निःशब्दतेकडे आणि संथ लयीकडे वळले, शहानींनी रंग आणि मनुष्यदेहाची हालचाल यांतून इतिहासाचा वेध घेतला, तर जॉन अब्राहम यांनी कोझिकोडच्या ओडेसा या मंडळासह गावोगाव हिंडून लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि त्या पैशांवर १९८६ साली ‘अम्मा अरियान’ हा चित्रपट पुरा केला. एकाच गुरूचे तीन शिष्य, आणि तिघांच्या तीन वाटा. गुरूची नक्कल करणारे शिष्य कोणत्याही घराण्यात मिळतात. घटकांनी शिष्यांना आपली शैली दिली नाही, आपली निष्ठा दिली, आणि ‘अजांत्रिक’च्या तोडीचे हे त्यांचे कार्य होय असे मी मानतो. ‘उसकी रोटी’ आणि ‘मायादर्पण’ यांचे छायालेखन करणारे के. के. महाजन हेही याच संस्थेचे विद्यार्थी.

भास्कर चंदावरकर यांचे उदाहरण याहून निराळे आहे, आणि मराठी वाचकास अधिक जवळचे. पंडित रविशंकर यांच्याकडे सतारीची तालीम घेतलेल्या चंदावरकरांनी १९६५ पासून सुमारे पंधरा वर्षे या संस्थेत संगीत शिकविले. विद्यार्थी संगीतकार व्हावेत हा त्यामागचा हेतू नव्हता, तर दिग्दर्शक होऊ पाहणाऱ्यास चित्रपटातील ध्वनी ऐकू यावा, हा होता. घटकांच्या बाबतीत अध्यापनाने निर्मितीची जागा घेतली. चंदावरकरांच्या बाबतीत दोन्ही एकाच वेळी, परस्परांना पोशीत चालली. याच वर्षांत त्यांनी कन्नड ‘वंशवृक्ष’ला संगीत दिले, शिष्यवत अशा शहानींच्या ‘मायादर्पण’ला दिले, जब्बार पटेलांच्या ‘सामना’ला दिले, आणि १९७२ च्या डिसेंबरात पुण्याच्याच रंगमंचावर आलेल्या तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये तर कीर्तन, अभंग, लावणी आणि खेळ्यांचे ठेके यांची अशी गुंफण केली की त्या नाटकाचा विचार संगीतावाचून करताच येत नाही. देशाच्या नाना प्रांतांतून आलेल्या मुलांसमोर रोज आपल्या विद्येची फोड करून सांगावी लागते तेव्हा कलावंताला स्वतःच्या परंपरेकडे परक्याच्या नजरेने पाहण्याची सवय जडते. ‘घाशीराम’मधील नेमकेपणा या सवयीतून आला असावा असा माझा तर्क आहे, आणि वाद्यांविषयीचे त्यांचे ‘वाद्यवेध’ हे पुस्तक वाचताना तो दृढ होतो.

अभिनयविभागाची धुरा १९६३ पासून रोशन तनेजा यांच्याकडे होती. न्यूयॉर्कमध्ये सॅनफर्ड माइस्नर यांच्या हाताखाली शिकून आलेल्या या गृहस्थांनी पडद्यावर स्वतः फारसे काही केले नाही. पण जया भादुरी, शबाना आझमी, नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी यांच्या कामाकडे पाहिले म्हणजे समोरच्या नटाचे लक्षपूर्वक ऐकणे हा अभिनयाचा पाया आहे, ही त्यांची शिकवण कोठवर पोचली ते कळते.

१९७४ साली गिरीश कर्नाड संचालकपदी आले तेव्हा ते छत्तिशीच्या आसपासचे होते. ‘तुघलक’ आणि ‘हयवदन’ हे नाटककार म्हणून, आणि ‘काडू’ हा दिग्दर्शक म्हणून, त्यांच्या गाठीशी होते. दिग्दर्शनाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या पदविकापटांत अभिनयाच्या विद्यार्थ्यांना भूमिका दिल्याच पाहिजेत की नाहीत, या वादावरून त्यांच्या कारकिर्दीत संप झाला, आणि संपकऱ्यांच्या अग्रभागी नसीरुद्दीन शाह होते. असे असूनही श्याम बेनेगल ‘निशांत’साठी नटाच्या शोधात असताना याच विद्यार्थ्याचे नाव कर्नाडांनी सुचविले, अशी साक्ष खुद्द शाह यांनी आत्मचरित्रात दिली आहे. १९७५ च्या त्या चित्रपटात कर्नाड शाळामास्तर झाले आहेत आणि शाह जमीनदाराचे धाकटे भाऊ. हुद्द्यावरील माणसाने हुद्द्यापुरता झालेला विरोध मनात न ठेवता कलेच्या गुणाची पारख करावी, हे संस्थांच्या इतिहासात विरळा घडते. म्हणून या प्रसंगाचे मोल मला फार वाटते. त्याच सुमारास तनेजा संस्था सोडून मुंबईस गेले, थोड्याच काळात अभिनयाचा अभ्यासक्रम बंद पडला, आणि तो पुन्हा सुरू होण्यास २००४ साल उजाडले. या मधल्या काळात संस्थेचे जे नुकसान झाले ते भरून निघाले आहे असे मला वाटत नाही.

राहता राहिले सतीश बहादूर, ज्यांच्याकडे स्वतःचा म्हणावा असा एकही गाजलेला चित्रपट नव्हता. आग्र्यास अर्थशास्त्र शिकविणारा आणि फावल्या वेळी तेथील फिल्म सोसायटी चालविणारा हा प्राध्यापक १९६३ साली चित्रपट-रसास्वाद शिकविण्यासाठी पुण्यास आला. ‘पथेर पांचाली’ची एकेक दृश्यचौकट थांबवून तिच्यातील वस्तू, प्रकाश, ध्वनी आणि मौन यांचा अन्वय लावून दाखविण्याची त्यांची पद्धती त्यांच्या विद्यार्थ्यांच्या तोंडून आजही ऐकावयास मिळते. त्यांना जोड मिळाली ती पी. के. नायर यांची. संस्थेत संशोधन साहाय्यक म्हणून आलेले नायर १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे सर्वस्व झाले, आणि दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ व ‘कालिया मर्दन’ यांचे जे अवशेष आज आपणास पाहता येतात ते त्यांच्या चिकाटीमुळे. एकाने चित्रपट जपले, दुसऱ्याने ते वाचावयास शिकविले. या दोन संस्थांच्या विद्यमाने दर उन्हाळ्यात पुण्यास भरणाऱ्या रसास्वाद वर्गात शिक्षक, पत्रकार, बँकेतील कारकून, गृहिणी असे नाना पेशांचे लोक येत राहिले, आणि गावोगावच्या फिल्म सोसायट्यांना कार्यकर्ते मिळाले ते त्यांतूनच.

सरकारी दफ्तरात या मंडळींच्या नेमणुकीच्या आणि निवृत्तीच्या तारखा सापडतील, पगारपत्रके सापडतील. वर्गात ते काय बोलले ते तेथे सापडावयाचे नाही. चंदावरकर २००९ साली गेले, मणी कौल २०११ साली, नायर २०१६ साली, तनेजा आणि कर्नाड २०१९ साली, शहानी आणि बेनेगल २०२४ साली. या गुरुजनांच्या वर्गांत बसलेले पुष्कळ विद्यार्थी मात्र अद्याप हयात आहेत, त्यांच्या वह्या, टिपणे आणि पत्रे घरोघरी आहेत, आणि संग्रहालय तर संस्थेपासून हाकेच्या अंतरावर आहे. चित्रफितींबरोबर हे कागदही तेथे जमा करून घेण्याचे काम आता हाती घेतले पाहिजे.