सातपुड्यांतील खडीवाटा

गेल्या कांहीं वर्षांत पाश्चात्त्य देशांत सायकलीचा एक नवा प्रकार रूढ झाला आहे. त्यास तिकडे ‘ग्रॅव्हेल बाइक’ म्हणतात. हिचें हॅंडल शर्यतीच्या सायकलीसारखें वांकडें असतें, परंतु टायर रुंद व खांचेदार असतात. त्यामुळें ती डांबरी सडकेवर वेगानें पळते आणि सडक संपून खडी, मुरूम किंवा माती लागली तरी स्वारास खालीं उतरावें लागत नाहीं. अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांत एम्पोरिया या गांवीं २००६ सालीं अशा वाटांवरची एक लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली; आणि २०२२ सालीं इटलीच्या व्हेनेतो प्रांतांत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही पार पडली. आपल्या आजोबांच्या पिढीनें जिला पायगाडी म्हटलें, ती अशा रीतीनें पुनः एकदां पक्का रस्ता सोडून आडवाटेस लागली आहे.

ज्यांना महाराष्ट्रांत अशा आडवाटा हव्या असतील त्यांनीं नंदुरबार जिल्ह्याचा नकाशा उघडावा. डोंगर, रान, ओढे आणि एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्याकडे जाणाऱ्या कच्च्या वाटा तेथें पाहिजे तितक्या आहेत. परंतु वाट कोठें जाते एवढेंच नकाशा सांगतो. ती कोणीं पाडली व कोणासाठीं पाडली हें तो सांगत नाहीं. तें थोडक्यांत सांगावें, हा या लेखाचा उद्देश आहे.

हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा काढण्यांत आला. इंग्रजी अमलांत हा सर्व मुलूख पश्चिम खानदेशांत मोडत असे. दक्षिणेस तापीचें काळ्या मातीचें सपाट खोरें, उत्तरेच्या सीमेवर नर्मदेचें खोल पात्र, आणि दोहोंच्या मध्यें सातपुडा, अशी याची सामान्य रचना आहे. शहादें किंवा तळोदें येथून उत्तरेस पाहिलें असतां सपाट शेतांच्या शेवटीं डोंगर भिंतीसारखा एकाएकीं उभा राहिलेला दिसतो. ती भिंत चढून गेलें म्हणजे अक्राणीचा उंच मुलूख लागतो. धडगांव व मोलगी हीं तिकडचीं बाजाराचीं गांवें. तेथून पुढें नर्मदेपर्यंत उतरणच उतरण आहे. सगळा खडक लाव्हारसाचा आहे. जमिनीच्या भेगांत शिरून थिजलेल्या रसाच्या शिरा ठिकठिकाणीं उघड्या पडल्या असून, नंदुरबार-धुळ्याच्या टापूंत भूगर्भशास्त्रज्ञांनीं अशा दोनशेंहून अधिक शिरा मोजल्या आहेत. त्यांतील बहुतेक पूर्वपश्चिम धांवतात. नद्या व डोंगरही त्याच दिशेचे. म्हणून या मुलखांत पूर्वपश्चिम प्रवास नेहमींच सोपा आणि उत्तरदक्षिण प्रवास नेहमींच कष्टाचा ठरला. येथील वाटांचा पुष्कळसा इतिहास या एका गोष्टींत सांठविलेला आहे.

सोप्या वाटेचा इतिहास प्रसिद्ध आहे. सुरत बंदरांतून बऱ्हाणपुरास जाणारा राजमार्ग नंदुरबारावरून जात असे. दिल्लीच्या सुलतानाचा वकील म्हणून १३४२ सालीं चीनकडे निघालेला इब्न बतूता दौलताबादेहून खंबायतेस जातांना या शहरांतून गेला. मराठ्यांच्या वस्तीचें लहानसें शहर असें त्याचें वर्णन करून तेथील कारागीर, वैद्य व ज्योतिषी यांचा त्यानें आवर्जून उल्लेख केला आहे. १६१० सालीं विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी याच मार्गानें गेला. पुढें १६१५ सालीं सर टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील जहांगीर बादशहाच्या भेटीस निघाला, तेव्हां त्यानेंही सुरतेहून नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडें असे मुक्काम करीत बऱ्हाणपूर गांठलें. या तिघांपैकीं कोणीही उत्तरेच्या डोंगरांत शिरला नाहीं. व्यापाराचे तांडे, फौजा आणि वकील हे सातपुडा डाव्या किंवा उजव्या हातास ठेवून निघून जात. त्यांच्या लेखीं तो रस्त्याच्या कडेचा देखावा होता.

म्हणून डोंगरांत वाटा नव्हत्या, असें मात्र समजूं नये. भिल्ल व पावरा लोकांचीं घरें गांवठाणांत दाटीनें बांधलेलीं नसतात. प्रत्येकाचें घर आपापल्या शेताजवळ, टेकडीच्या उतारावर असतें. पाड्यास पाडा जोडणाऱ्या पायवाटा या समाजाच्या संसाराच्या दोऱ्याच होत. लग्न, आठवड्याचा बाजार, मोहाचीं फुलें, आजारपण, सर्व व्यवहार याच वाटांनीं चालतात. कांहीं वाटा देवाच्या आहेत. सुमारें १३२५ मीटर उंचीच्या अस्तंबा शिखरावर दिवाळीच्या सुमारास यात्रा भरते आणि चिरंजीव अश्वत्थाम्याच्या दर्शनास खानदेश व गुजराथेंतील यात्रेकरू डोंगर तुडवीत येतात. काठी येथील राजवाडी होळीस दूरदूरच्या पाड्यांतील लोक अंगावर साज चढवून, ढोल वाजवीत रातोरात चालत जातात. डाब हें याहामोगी मातेचें मूळ स्थान मानलें जातें. या वाटा चाकासाठीं नव्हेत, पायासाठीं आहेत, हें त्यांच्या चढावरूनच कळतें. माणसाचा पाय धारेनें सरळ चढतो. बैलगाडीच्या घाटास मात्र वीस फुटांमागें एखादा फूट एवढाच चढ साधारणतः पेलतो, आणि मग वळणावर वळण घ्यावें लागतें. जेथें वाट लांबच लांब फेरा घेऊन चढूं लागते, तेथें ती बाहेरच्या कोणींतरी आंखली आहे असें बहुधा समजावें.

असे बाहेरचे आंखणारे १८१८ नंतर आले. पेशवाई बुडून खानदेश कंपनीच्या हातीं गेला, तेव्हां डोंगरांतील नाईक व त्यांचे भिल्ल यांना आवरणें हें नव्या सरकारापुढील पहिलें काम होतें. १८२५ सालीं जेम्स औट्रम यानें धरणगांव येथें भिल्ल पलटण उभारली आणि डोंगरांतल्याच माणसांकडून डोंगराच्या वाटा राखून घेण्याची युक्ति काढली. घाटांची राखण नाईकांकडे सोंपवून त्याबद्दल त्यांस वेतन देण्याचा प्रघात होता. हा करार किती नाजूक होता तें पूर्वेकडे आग्रा रस्त्यावरील सेंधव्याच्या घाटांत दिसून आलें. त्या घाटाचा राखणदार खाज्या नाईक यानें १८५७ सालीं बंड करून सरकारी खजिना लुटला, आणि १८५८ च्या एप्रिलांत सातपुड्यांत अंबापाणी येथें इंग्रज फौजेशीं त्याच्या लोकांची मोठी लढाई झाली. ज्या वाटेचा तो पहारेकरी होता, ती वाट त्याची स्वतःची आहे ही भावना त्याच्या मनांतून कधींच गेली नसावी.

पलटणीमागून जंगलखातें आलें. १८७८ च्या कायद्यानें रानें राखीव झालीं. सागाचें लांकूड बाहेर काढण्यासाठीं गाडीवाटा पाडल्या गेल्या, आणि १९०० च्या सुमारास तापीच्या खोऱ्यांतून सुरतेकडील रेल्वे सुरू झाल्यावर त्या लांकडास दूरची बाजारपेठ मिळाली. या गाडीवाटा रुंद व बेताच्या चढाच्या असल्यामुळें सायकलस्वारास आज त्यांचा मोठा मोह पडतो. परंतु त्या पडल्या त्याच काळांत, पिढ्यान्‌पिढ्या त्या रानांत फिरणारा माणूस कायद्याच्या दृष्टीनें परवानगीवांचून शिरलेला परका ठरला. या अन्यायाची कबुली देणारा वनहक्कांचा कायदा होण्यास २००६ साल उजाडावें लागलें. मधल्या काळांतील एका दिवसाची आठवण तळोदें तालुक्यांतील रावलापाणी येथें अद्याप जागती आहे. गुलाम महाराजांनीं दारू सोडण्याचा व शुद्ध आचरणाचा उपदेश करणारा आप धर्म या भागांत रुजविला होता. त्यांच्या निधनानंतर, २ मार्च १९४३ रोजीं, त्या धर्माचे अनुयायी रावलापाणीच्या नाल्यांतून जात असतां त्यांच्यावर सरकारी फौजेनें गोळीबार केला.

स्वातंत्र्यानंतरच्या वाटांचा इतिहास निराळा आहे, पण तोही सुखाचा नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत लाखों माणसें खडी फोडण्यास व रस्त्यांवर माती टाकण्यास गेलीं. पुढें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला. राज्यांतील असंख्य कच्चे रस्ते या योजनेच्या मजुरांनीं, त्यांत बायकांनींही, हातोड्यानें दगड फोडून केलेले आहेत. आपल्या चाकाखालीं जी खडी करकरते ती कित्येक ठिकाणीं कोणाच्या तरी उपासाच्या दिवसांतली मजुरी आहे. उत्तरेकडे तर वाटाच पाण्याखालीं गेल्या. सरदार सरोवराच्या धरणानें अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांतील ३३ गांवें बाधित झालीं. २०१७ सालीं धरणाचे दरवाजे बंद होऊन पाणी १३८.६८ मीटर पातळीपर्यंत चढविण्याची मोकळीक झाली, आणि नर्मदेकडे उतरणाऱ्या कित्येक जुन्या पायवाटा आतां जलाशयाच्या कांठीं येऊन थांबतात. तेथून पुढें नांव.

आज सायकलस्वारास या मुलखांत शिरण्याचीं मुख्य द्वारें तीन आहेत. शहाद्याहून म्हसावदमार्गें सातपायरी घाट चढून सुमारें ११५० मीटर उंचीवरील तोरणमाळ व तेथील यशवंत तलाव गांठतां येतो. तळोद्याहून चांदसैली घाटानें धडगांवीं जातां येतें. आणि अक्कलकुव्याहून देवगोई घाटानें मोलगीस. या सडकांना फुटणाऱ्या कच्च्या वाटा हेंच त्याचें खरें क्षेत्र. पावसाळ्यांत दरडी कोसळतात व ओढे वाट अडवितात, म्हणून कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम.

परंतु एक गोष्ट त्यानें विसरूं नये. जी वाट कच्ची आहे म्हणून त्याला आवडते, तीच वाट कच्ची आहे म्हणून पाड्यावरील बाळंतिणीस बांबूच्या झोळींतून, चार माणसांच्या खांद्यांवर, दवाखान्याच्या गाडीपर्यंत न्यावें लागतें. अशा झोळ्या या तालुक्यांत अजून निघतात. आपल्या रम्य वाटेवर डांबर पडलें म्हणून हळहळणाऱ्या प्रवाशानें ती झोळी एकदां डोळ्यांपुढें आणावी, म्हणजे हळहळ ओसरेल. व्यापारी, फौज, जंगलखातें, सर्व जण या डोंगरांत किंवा त्यांच्या कडेनें आपापल्या कामासाठीं गेले, आणि वाटेवरच्या माणसास त्यांनीं बहुधा वाटाड्या, हमाल किंवा गुन्हेगार याच नात्यानें ओळखलें. सायकलवरचा पाहुणा त्याच वाटांनीं कोणतेंही काम न घेतां जातो. मोटारीपेक्षां तो सावकाश जातो, पाड्यावर थांबतो, पाणी मागतो, वाट विचारतो. वाट सांगणाऱ्याचें नांव, त्याची भाषा आणि त्याच्या वाटेची हकिकत जर त्यानें विचारून घेतली, तर जें आजवर कोणत्याही दप्तरांत नीट लिहिलें गेलें नाहीं, त्यांतलें कांहीं तरी तो खालीं सपाटीवर घेऊन येईल.