गाडी दुरुस्तीची विद्या कुणाची?



आज आम्ही एका विद्येचा इतिहास सांगणार आहोत. बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करण्याची विद्या. तुम्ही म्हणाल, हा विषय बायकांच्या कार्यक्रमात कशाला? आंब्याच्या पेट्या नाहीतर काजूगर घेऊन निघालेला टेम्पो वाटेत थांबला, तर नुकसान आपल्याच गटाचं होतं. दवाखान्यात निघालेली जीप हातखंब्याच्या अलीकडे बंद पडली, तर आजारी माणसाचं डोकं मांडीवर घेऊन मागे आपणच बसलेल्या असतो. म्हणून हा विषय आपला.

आणि तो पहिल्यापासूनच आपला आहे. १८८६ साली जर्मनीत कार्ल बेंझ यांनी मोटारगाडीचं पेटंट घेतलं. त्यांच्या कारखान्यात पत्नी बर्था यांच्या हुंड्याचे पैसे गुंतले होते. पण लोकांचा गाडीवर विश्वास बसेना. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, गाडी काढून माहेरी निघाल्या. अंतर शंभरावर किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेनं साफ केली. एका तारेचं आवरण गेलं, तिथं मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले, तेव्हा मोच्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. इंधन घेतलं ते औषधाच्या दुकानातून. चढावर गाडी ढकलावी लागली, म्हणून घरी आल्यावर चढासाठी आणखी एक गिअर हवा, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं. मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासात वाटेवरची दुरुस्ती केली ती एका बाईनं.

आता आपल्याकडे काय झालं ते पाहू. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाट तयार होऊ लागली; १९७४ पासून तीच 'पद्मिनी' म्हणून ओळखली गेली. १९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत जीप जोडायला घेतली. १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी जर्मन परवान्यावर तीनचाकी मालगाड्या बनवू लागली. 'टेम्पो' हे त्या जर्मन गाडीचं नाव. आज गाडी कुठल्याही कंपनीची असो, माल नेणारी लहान गाडी म्हणजे आपल्याला टेम्पोच.

त्या काळात कारखान्यानं किती गाड्या बनवायच्या, हे सरकारी परवान्यावर ठरे. परदेशी गाडी आणणं जवळजवळ अशक्य होतं. फियाटसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं थांबत. एवढी वाट पाहून मिळालेली गाडी कोण टाकून देणार? ती दुरुस्त करत करत चालवायची. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली ती थेट ऑक्टोबर २०२३ मध्ये.

या टंचाईतून विद्या वाढली. गाड्यांची बांधणीही साधी होती. बॉनेट उघडलं की एकेक वस्तू डोळ्यांना दिसे. प्लगना वीज वाटून देणाऱ्या डब्याला मिस्त्री 'डेल्को' म्हणत आणि पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला 'एसी पंप'. ही दोन्ही अमेरिकन कंपन्यांची नावं. ती टेम्पोसारखीच वस्तूला चिकटली.

कोकणानं या विद्येत आपली भर घातली. पावसाळ्यात डेल्कोच्या टोपणात ओल धरते, ठिणगी प्लगपर्यंत पोचत नाही, गाडी नुसती कुरकुरते. टोपण काढून कोरड्या फडक्यानं पुसलं की काम होतं. उन्हाळ्यात उलटं. आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट चढताना इंजिन तापतं, पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पेट्रोल पुढे जात नाही. मग ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं ठेवून थोडा वेळ थांबत. एकच फडकं, कधी कोरडं, कधी ओलं. कारण कळलं की उपाय कळतो.

जुने मिस्त्री क्रमानं विचार करत. स्टार्टर फिरतो का? फिरत नसेल तर आधी बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा-हिरवा थर पाहायचा. ठिणगी येते का? पेट्रोल येतं का? रेडिएटरमध्ये पाणी आहे का, फॅन बेल्ट सैल तर नाही? डिझेलच्या गाडीत ठिणगी नसते. तिथं नळीत हवा शिरली, 'एअर धरली', तर ती काढावी लागते. चूल पेटत नसेल तर लाकूड ओलं आहे का, हवा लागते का, हे आपण असंच एकेक करून बघतो. डोकं तेच लागतं.

मग ही विद्या आपल्याकडे का आली नाही? कारण ती पुस्तकातून शिकवली गेली नाही. गॅरेजमध्ये पोरगा ठेवत, तो पाना देता देता शिके. पोरीला कुणी ठेवत नसे. एवढंच कारण. त्याची किंमत आपण बिलात मोजतो, कारण काय बिघडलं आणि काय बदललं हे आपल्याला कळत नाही.

आता काळ पुन्हा बदलला आहे. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-सहा नियमाच्याच विकल्या जातात. त्यांच्या इंजिनावर संगणकाचा ताबा असतो, दोष शोधायला मशीन लावावं लागतं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते; पुढे तपासणी करून ती ५-५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. जुन्या गाड्या कमी होतील, तसे जुने मिस्त्रीही. पण बॅटरी, पाणी, ऑइल, फ्यूज, टायर नव्या गाडीतही आहेतच. तेवढं तरी आपल्याला यायलाच हवं.

काही गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. पेट्रोलजवळ विडी-काडी नको. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. बॅटरी सोडवताना आधी वजा खुणेची तार काढायची. ब्रेक आणि स्टिअरिंग जाणत्या मिस्त्रीकडेच द्यायचं.

पुढच्या बैठकीला गावातल्या एखाद्या टेम्पोवाल्या भावाला बोलवा. गार इंजिनाचं बॉनेट उघडायला सांगा आणि हेच प्रश्न त्याला क्रमानं विचारा. मुलींना मागे उभं करू नका, पुढे घ्या. आणि यापुढे गटाच्या कामाची गाडी गॅरेजात गेली, की बदललेला जुना पार्ट परत मागून घ्या. तो हातात घेऊन बघितला, की शिकायला सुरुवात झाली.