पेसिंग : फायब्रोमायल्जिया आणि क्रॉनिक फटीग सिंड्रोममधील थकव्याचे नियोजन

दीर्घकालीन थकव्याच्या आजारात शरीराला झेपेल तेवढेच श्रम करण्याच्या आणि त्राण संपण्याआधीच विश्रांती घेण्याच्या पद्धतीला पेसिंग म्हणतात. फायब्रोमायल्जिया आणि मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम (संक्षेपाने एमई/सीएफएस) या दोन आजारांत तिचा विशेष उपयोग होतो. दोन्ही आजार पूर्ण बरे करणारे औषध उपलब्ध नाही. त्यामुळे रोजच्या जगण्याची आखणी हाच उपचाराचा मोठा भाग ठरतो.

थकव्याचे स्वरूप : दिवसभर राबल्यावर येणारा शीण रात्रीच्या झोपेने जातो. या आजारांतला थकवा झोपेने जात नाही. आठ-दहा तास झोपूनही रुग्ण उठतो तो गळून गेलेलाच. अंग ठणकते, डोके जड होते, बोलताना शब्द आठवत नाहीत, वाचलेले लक्षात राहत नाही. विचारांवरच्या या धुक्याला रुग्ण ब्रेन फॉग म्हणतात. अनेकांना उभे राहिले की चक्कर येते, छाती धडधडते. आडवे झाले की बरे वाटते.

एमई/सीएफएसची ओळख पटवणारे लक्षण म्हणजे श्रमोत्तर ढासळण. पूर्वी सहज जमणारे काम केल्यावरही सगळी लक्षणे बळावतात. हे लगेच घडतेच असे नाही. बहुधा 12 ते 48 तासांनी घडते आणि काही दिवस, कधी काही आठवडे टिकते. श्रम शारीरिकच हवेत असेही नाही. लांबलेला फोन, परीक्षेचा अभ्यास, घरातला वाद, लग्नातला गोंगाट यांपैकी काहीही पुरते. रविवारी पाहुण्यांत हसतखेळत बसलेली व्यक्ती मंगळवारी अंथरुणातून उठू शकत नाही आणि घरच्यांना त्याचे कारण दिसत नाही. रुग्णावर आळसाचा आरोप होतो तो बहुतेकदा या अंतरामुळे.

फायब्रोमायल्जियात सर्वांगाची वेदना हे मुख्य लक्षण असते. मज्जासंस्था वेदनेचे संदेश वाढवून पोहोचवते, असे त्याचे आजचे स्पष्टीकरण आहे. थकवा, ताजेपणा न देणारी झोप आणि विस्मरण वेदनेच्या जोडीला असतात. दोन्ही आजार स्त्रियांत अधिक आढळतात आणि एकाच व्यक्तीला दोन्ही असू शकतात.

इतिहास : 1955 मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये 292 कर्मचारी एका अनाकलनीय आजाराने आजारी पडले. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्याला मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस हे नाव सुचवले. 1969 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याची नोंद मज्जासंस्थेच्या आजारांत झाली. तरी 1970 मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी लंडनच्या साथीला सामूहिक उन्माद ठरवले आणि ती छाया रुग्णांवर अनेक दशके राहिली. क्रॉनिक फटीग सिंड्रोम हे नाव अमेरिकेत 1988 मध्ये रूढ झाले.

2011 मध्ये ब्रिटनमधील एमई/सीएफएसच्या 641 रुग्णांवरचा पेस चाचणी नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवत नेला आणि विचारपद्धती बदलली तर रुग्ण सुधारतात, असा त्याचा निष्कर्ष होता. सुधारणेचे निकष अभ्यास चालू असताना सैल केल्याचे रुग्णांनी आणि काही शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. 2015 मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने हा गंभीर शारीरिक आजार असल्याचे स्पष्ट म्हटले आणि श्रमोत्तर ढासळण हा निदानाचा अनिवार्य निकष ठरवला. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2021 च्या मार्गदर्शिकेत ठरावीक टप्प्यांनी वाढणारा व्यायाम एमई/सीएफएसच्या रुग्णांना देऊ नये, असे सांगितले. त्या जागी ऊर्जा-व्यवस्थापन आले, म्हणजेच पेसिंग. रुग्ण वर्षानुवर्षे जे सांगत होते ते त्यामुळे मान्य झाले.

फायब्रोमायल्जियाच्या निदानासाठी 1990 मध्ये शरीरावरच्या 18 पैकी 11 दुखऱ्या बिंदूंची अट होती. 2010 च्या निकषांनी ती काढून टाकली आणि थकवा, झोप व स्मरण यांना निदानात स्थान दिले.

निदान : या आजारांसाठी एकच निर्णायक रक्तचाचणी नाही. म्हणून रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, मधुमेह, बी-12 व डी जीवनसत्त्वांची कमतरता, क्षयरोग, झोपेत श्वास अडखळणे आणि नैराश्य यांची तपासणी आधी व्हावी. वजन घटणे, सतत ताप, रात्री घाम, छातीत दुखणे किंवा धाप लागणे ही लक्षणे असतील तर सगळे थकव्याच्या खात्यावर टाकू नये.

एमई/सीएफएसची सुरुवात अनेकदा विषाणुसंसर्गानंतर होते. कोविडनंतर दीर्घकाळ आजारी राहिलेल्या अनेकांची लक्षणे याच निकषांत बसतात. डेंगी किंवा चिकनगुनियानंतर महिनोन्‌महिने अंगात त्राण नसल्याची तक्रार महाराष्ट्रात नवी नाही. तीही गांभीर्याने ऐकली पाहिजे.

गोव्यातील स्त्रियांच्या एका पाहणीचे निष्कर्ष 2005 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. सुमारे 12 टक्के स्त्रियांनी सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असल्याचे सांगितले होते. त्याचा हिमोग्लोबिनशी संबंध आढळला नाही. गरिबी, मानसिक त्रास आणि घरात स्त्री म्हणून सोसावा लागणारा अन्याय यांच्याशी आढळला. ही पाहणी एमई/सीएफएसची नव्हती. पण थकलेल्या बाईला लोहाच्या गोळ्या देऊन परत पाठवणे पुरेसे नाही, हे तिने दाखवले.

पेसिंगची पद्धत : पहिली पायरी म्हणजे नोंदवही. दोन आठवडे रोजची कामे, झोप, वेदना आणि थकवा लिहून ठेवावा. ढासळण झाली तर मागच्या दोन-तीन दिवसांत काय केले ते पाहावे. यातून आपली मर्यादा कळते. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लिओनार्ड जेसन यांनी ऊर्जेच्या या मर्यादेला ‘एनर्जी एन्व्हलप’ म्हटले आणि तिच्या आत राहणाऱ्या रुग्णांची स्थिती तुलनेने बरी राहते, असे त्यांच्या अभ्यासांत दिसले. 2003 मध्ये अमेरिकन लेखिका क्रिस्टीन मिसरँडिनो यांनी हीच गोष्ट चमच्यांच्या हिशोबाने मांडली : दिवसाला मोजके चमचे मिळतात, आंघोळीला एक जातो, स्वयंपाकाला दोन-तीन, आणि संपले की संपले. मिसरँडिनो यांचा आजार ल्युपस होता, पण हा हिशोब जगभरच्या थकलेल्या रुग्णांनी आपलासा केला.

दुसरी पायरी म्हणजे कामाचे तुकडे. भाजी बसून चिरावी, कणीक दुसऱ्याने मळावी, आंघोळ स्टुलावर बसून करावी. केस धुणे, बाजार आणि बँक एकाच दिवशी ठेवू नयेत. काम संपेपर्यंत न थांबता घड्याळ पाहून थांबावे. विश्रांती म्हणजे मोबाइल पाहत पडणे नव्हे. अंधाऱ्या, शांत खोलीत डोळे मिटून आडवे होणे. अनेक रुग्ण नाडीचे ठोके दाखवणारे घड्याळ वापरतात आणि विश्रांतीच्या ठोक्यांपेक्षा साधारण 15 ठोके वाढले की थांबतात.

तिसरी पायरी सर्वांत अवघड असते : बऱ्या दिवशी स्वतःला आवरणे. जरा बरे वाटले की साचलेली सगळी कामे उरकायची आणि मग आठवडा अंथरुणात काढायचा, हे चक्र फार जणांचे असते. गणपती आणि दिवाळीत ते हमखास फिरते. फराळाचा एखादाच पदार्थ घरी करावा, बाकीचे विकत आणावेत. आरतीला बसून हजर राहिले तरी भक्ती कमी होत नाही.

व्यायामाविषयी सावधगिरी : दोन आजारांतला महत्त्वाचा फरक इथे आहे. फायब्रोमायल्जियात हलका, नियमित व्यायाम हा सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपाय आहे. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या 2016 च्या शिफारशींत ठाम पाठिंबा मिळाला तो फक्त व्यायामाला. पाच-दहा मिनिटांच्या चालण्याने किंवा पाण्यातल्या हालचालींनी सुरुवात करून तो सावकाश वाढवतात. एमई/सीएफएसमध्ये मात्र रेटून केलेल्या व्यायामाने प्रकृती कायमची खालावू शकते. म्हणून शेजारणीला चालण्याने बरे वाटले, तूही चाल, असा सल्ला देऊ नये. दोन्ही आजार असतील आणि श्रमोत्तर ढासळण होत असेल, तर एमई/सीएफएसचाच नियम पाळावा.

पूरक उपचार : झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली असावी. उभे राहिल्यावर त्रास होत असेल तर पाणी व मीठ वाढवणे आणि पायांत घट्ट मोजे घालणे उपयोगी पडते. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे डॉक्टरांना विचारूनच करावे. फायब्रोमायल्जियात अल्प मात्रेतील अमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटीन किंवा प्रीगॅबलिन काहींना उपयोगी ठरते. समुपदेशन आजाराचे ओझे पेलायला मदत करते, ते आजाराचा इलाज नव्हे. दीर्घ आजाराने निराशा येणे स्वाभाविक आहे. ती असह्य झाली तर टेलिमानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर बोलता येते.

कुटुंब आणि समाज : पेसिंग एकट्याने जमत नाही. सुनेने, आईने किंवा कमावत्या पुरुषाने दुपारी आडवे होणे घराने मान्य केले तरच ते शक्य होते. तीव्र आजारात उजेड आणि आवाजही सोसत नाही. तिथे कुजबुजून बोलणे आणि पडदे ओढणे हीच सेवा. नोकरीत घरून काम, बदलत्या वेळा आणि बसून करण्याची कामे यांचा फार आधार होतो. भारताच्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत या दोन्ही आजारांची नावे नाहीत, त्यामुळे अशा सवलती वरिष्ठांच्या मर्जीवर राहतात. हे बदलायला हवे.

भवितव्य : मुले व किशोरवयीन रुग्ण प्रौढांपेक्षा अधिक प्रमाणात सुधारतात. प्रौढांत पूर्ण बरे होणारे थोडे असले, तरी लवकर निदान आणि वेळीच सुरू केलेले पेसिंग यांमुळे अनेकांची प्रकृती स्थिरावते. पेसिंग आजार घालवत नाही, पण तो वाढू न देण्याचे सर्वांत सुरक्षित साधन तेच आहे. म्हणून डॉक्टरांनी आणि घरच्यांनी रुग्णाला ‘जरा प्रयत्न कर’ असे सांगण्याऐवजी वेळेवर थांबायला मदत करावी.