कोनाडा, खुंटी आणि मोटारीची खोली

हातातलं काम चालूच ठेवा, फक्त एकदा समोरच्या भिंतीकडे बघा. गाळणी, सूप, पिशव्या, कॅलेंडर, रेशनकार्डाची पिशवी, किती काय टांगलंय! आज आपण या भिंतीचाच इतिहास बोलू. राजेरजवाड्यांचा इतिहास शाळेत झाला, सामान कुठं ठेवायचं याचा मात्र कुणी शिकवला नाही.

आमच्या गटातल्या साठीपुढच्या बायांचं बालपण पांढऱ्या मातीच्या घरात गेलं. भिंत दीड-दोन हात रुंद. भिंत चढत असतानाच गवंडी जागा सोडायचा आणि वर सपाट दगड किंवा फळी टाकायचा. दाराजवळची लहान ती दिवळी, तिच्यात चिमणी, वर काजळीचा काळा पट्टा. मोठा तो कोनाडा. त्यात फणी-करंडा, मिसरीची डबी, पोराच्या औषधाची बाटली. कोनाड्याला दारं आणि आत फळ्या लावल्या की झालं फडताळ. तूप, गूळ, पैसे तिथं, आणि किल्ली सासूच्या कमरेला. फडताळ उघडायचा हक्क कधी मिळाला हे आमच्या एका आजींना लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं आठवतं. कोनाडे किती आणि किती उंचीवर, हे गवंडी घरातल्या जुन्या बाईला विचारायचा. घराच्या कागदावर तिचं नाव नसेल, पण कोनाड्यावर तिचं मत चालायचं.

खुंटी तर फार जुनी. संस्कृतात तिला नागदंत म्हणतात, म्हणजे हत्तीचा दात. भिंतीतून बाहेर आलेली, टोक जरा वर असलेली खुंटी डोळ्यांसमोर आणा, नाव बरोबर बसतं. टोक वर हवं, नाहीतर अडकवलेलं घसरतं. बौद्ध भिक्खूंच्या पाली नियमग्रंथांत खोलीतल्या भिंतीला खिळा, नागदंत, चीवर टाकायला बांबू आणि दोरी लावायची परवानगी आहे. तो बांबू म्हणजे आपली वळणीच की! मुंबईत बोरिवलीजवळ कान्हेरीची लेणी आहेत. तिथं भिक्खूंच्या खोल्यांत बसा-झोपायचे ओटे आणि कोनाडे डोंगराच्या दगडातच कोरलेले आहेत. घरदार सोडलेल्या माणसालासुद्धा चार वस्तू ठेवायला भिंत लागली.

भिंतीवर जे मावायचं नाही ते शिंक्यात. मुंगी, मांजर, उंदीर आणि पोरं, चौघांपासून दूध-दही वाचवायचं तर आढ्याला टांगणं हाच उपाय.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारीचा भूकंप. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत माणसं झोपेत होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं धाबं त्यांच्या अंगावर आलं. हजारो माणसं गेली. त्या भिंतींची आठवण काढताना आम्ही हे विसरत नाही. दगड नुसत्या मातीत बसवलेले, एकमेकांना बांधलेले नव्हते, आणि मोठा कोनाडा भिंतीला तिथं आणखी कच्चं करतो. त्यानंतर जी घरं बांधली ती विटा आणि सिमेंटच्या ठोकळ्यांची. दुरुस्तीच्या कामात बायांनाही गावागावांत माहिती सांगायला आणि लक्ष ठेवायला घेतलं होतं. पुढं सगळीकडंच सिमेंट आलं. भिंत बारीक झाली आणि कोनाडा गेला.

आता घरकुल बघा. प्रधानमंत्री आवास योजनेत २०१६ पासून किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचं घर. जागा आधीच थोडी, त्यात आतली भिंत पुष्कळदा चार इंची. तिच्यात कोनाडा कुठून काढणार? मग सगळं खाटेखाली आणि पत्र्याच्या पेटीत. बाई दिवसातून पन्नास वेळा वाकते. आमच्या बैठकीत कंबरदुखीचा विषय निघाला की आम्ही हल्ली आधी भिंतीची चौकशी करतो.

सिमेंटच्या भिंतीत खिळा ठोकला तर गिलावा निघतो, खिळा वाकतो. जुने सुतार भिंतीत लाकडाची गुट्टी बसवून तिच्यात स्क्रू पिळायचे. आता हार्डवेअरच्या दुकानात प्लास्टिकचा प्लग मिळतो. नायलॉनचा असा प्लग १९५८ मध्ये जर्मनीत आर्टुर फिशर यांनी तयार केला. स्क्रू आत जाईल तसा तो फुगतो आणि भोकाच्या कडांना दाबून धरतो. वस्तू जरा महाग पडते, पण ड्रिलवाल्याला एकदा बोलावून पाचसात घरांची भोकं एकाच दिवशी पाडून घेतली तर परवडतं.

हे आम्ही शिकलो ते गटाच्या अवजारांमुळं. अवजारं भाड्यानं द्यायची म्हणून आम्ही एका बंद बंगल्यातली मोटारीची खोली घेतली. पहिल्या वर्षी सगळं जमिनीवर ढिगानं. खुरप्याखाली फवारणी पंपाचा नळ, त्यावर पोती. ढिगात हात घालताना एकीचा तळवा कोयत्यानं कापला, सात टाके पडले. त्याच ढिगात कुणीतरी आणून ठेवलेली अर्धी कीटकनाशकाची बाटली निघाली, तीही सरबताच्या बाटलीत ओतलेली. शेजारची पोरं त्या खोलीत लपाछपी खेळायची. त्या रात्री आमच्यातल्या कुणालाच झोप लागली नाही.

अमेरिकेत जूलिया चाइल्ड नावाच्या स्वयंपाकाच्या मोठ्या जाणकार बाई होत्या. १९६१ मध्ये केंब्रिज गावातल्या त्यांच्या घरात नवऱ्यानं, पॉलनं, भिंतीला भोकांची पाटी लावली, आकडे बसवले आणि प्रत्येक भांड्याच्या जागी त्याची आकृती काढून ठेवली. कुणीही भांडं घासलं तरी ते आपल्याच जागी जाई. ते अख्खं स्वयंपाकघर आता वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. (नवऱ्यानं आकृत्या काढल्या, हे ऐकून आमच्या बैठकीत बराच वेळ हसू चाललं.)

आम्ही तेच केलं. जुन्या दरवाज्याच्या फळ्या चार प्लगांवर आडव्या लावल्या. प्लग विटेत बसवला, सांध्यात नाही. जड टिकाव-फावडी खाली, कारण वरून निसटलं तर पायावर येतं. कोयते-विळे खांद्याच्या उंचीवर, पातं भिंतीकडं. औषधांसाठी कुलुपाची लोखंडी पेटी, हात वर केल्यावर पोचेल इतकी उंच, आणि दुसऱ्या बाटलीत ओतलेलं काही घ्यायचं नाही हा ठराव वहीत लिहिला. किल्ली दर महिन्याला बदलत्या सभासदाकडं. मग गेरूनं प्रत्येक अवजाराची आकृती काढली.

आता संध्याकाळी दार लावताना नुसती नजर टाकली तरी कळतं. परवा एका विळ्याची आकृती तीन दिवस रिकामी होती. चौथ्या दिवशी विळा आला, धार लावून.